नवस फेडायला देवाचं नाव लागतं

साळवेसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीत एका गृहस्थाशी भांडत होतो. खिडकीतून सीटवर माझा रुमाल आधी पडला होता, त्याची टोपी नंतर. पण तो टोपीवाला म्हणे, रुमालाला कोण विचारतो. एवढ्यात सरांची मुलगी विनिता हिचा पुण्याहून फोन आला. "जाधवकाका, पप्पा पहाटे झोपेतच गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन खिशात ठेवला, रुमाल उचलला आणि त्या गृहस्थाला म्हटलं, बसा. एवढं जोरदार चाललेलं भांडण मी असं मधेच सोडून दिल्यामुळे तो फार अस्वस्थ झाला. गाडीतून उतरून मी बाहेरच्या बाकावर बसलो, तर खिडकीतून डोकं काढून विचारतो, काय झालं हो? मी सांगितलं, आमचे सर गेले. वरंध घाट नेहमीप्रमाणे बंद होता, म्हणून माणगावहून ताम्हिणीमार्गे पुणं गाठलं, तोवर दुपार झाली होती. कबरीत मूठभर माती तेवढी टाकता आली.

त्याला आता सहा आठवडे झाले. प्रभाकर साळवे हा माणूस नगरकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. मी दासगावचा, बौद्ध. पोलादपूरच्या रस्त्यावर एका मिशनचा छोटा दवाखाना आहे, तिथे ते प्रमुख आणि मी कारकून, अशी आम्ही बावीस वर्षं काढली. दवाखाना मिशनचा हे मी आत्ता सहज लिहून गेलो, पण सरांच्या काळात पहिली चौदा वर्षं मला हे लिहायची बंदी होती. बोर्डावर 'ग्रामीण आरोग्य सेवा केंद्र' एवढंच. क्रूस नाही, बायबलचं वचन नाही, काही नाही. त्याला कारण होतं. आधीच्या गावी सरांनी हौसेनं मोठा बोर्ड लावला होता, त्यावरून कटकट झाली, बोलाचाली वाढली आणि अखेर तिथला दवाखाना बंद पडला. तीस खाटा उचलून ट्रकमध्ये घालताना बायका रडत होत्या, असं ते सांगत. तेव्हापासून त्यांनी मनाशी एकच धरलं होतं, की इथला दवाखाना बंद पडता कामा नये, मग देवाला जरा आत बसावं लागलं तरी चालेल.

आणि आत म्हणजे अगदी आत. बुधवारी सकाळी साडेनऊला प्रार्थना व्हायची, ती दार लावून, वर पंखा तीनवर सोडून, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. प्रार्थनेला नाव 'साप्ताहिक आढावा बैठक'. नाताळला 'वार्षिक स्नेहमेळावा'. ख्रिस्ती आमच्यात सगळे मिळून दोनच होते, सर आणि रूथ सिस्टर; बाकी मी आणि शिवथरचा वॉचमन बैठकीला बैठक म्हणून बसायचो. पण संस्थेचा नियम असा, की बैठक म्हटली की इतिवृत्त आलंच, आणि इतिवृत्त लिहिणं माझं काम. पहिल्या बुधवारी मी सरांना विचारलं, यात लिहायचं काय? सर म्हणाले, जे झालं ते लिहा, फक्त 'देव' लिहू नका, 'वरिष्ठ' लिहा. सरकारी नोकरीत असतो तर मी याच्याहून काही वेगळं लिहिलं नसतं. त्यामुळे आमच्या रजिस्टरात बुधवारमागून बुधवार असं साठत गेलं: 'विषय एक. वॉर्डातील रुग्णांच्या प्रकृतीबाबत वरिष्ठांकडे विनंती करण्यात आली. विषय दोन. पाऊस पुरेसा झाल्याबद्दल वरिष्ठांचे आभार मानण्यात आले. विषय तीन. सिस्टरांच्या भावाच्या नोकरीबाबत मागील बैठकीत केलेल्या विनंतीवर अद्याप उत्तर अप्राप्त. स्मरणपत्र देण्यात यावे.' सर ते वाचून सही करायचे. कधी हसले नाहीत. मला वाटायचं, या माणसाला विनोद कळत नाही. तो त्यांना कळत होता, पण भीती त्याहून मोठी होती.

मी एकदा त्यांना तोंडावर बोललो. म्हटलं, सर, आमच्या वाडीत या. दारातूनच बुद्धाची मूर्ती दिसते, वर पंचशील ध्वज. येणाऱ्याला आधी कळतं आपण कुणाच्या घरी आलोय, मग चहा. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गावानं त्यांना बोल लावले, पण त्यांनी वंदना हळू आवाजात म्हटली नाही. सर म्हणाले, "जाधव, तुमच्या आजोबांच्या अंगावर दवाखाना नव्हता."

गंमत अशी, की हे गुपित फक्त सरांपुरतंच होतं. एसटीचा कंडक्टर आमच्या थांब्यावर घंटी मारून ओरडायचा, "मिशनवाले, उतरा." ग्रामपंचायतीची पत्रं 'मिशन दवाखाना' अशी यायची. सर ती उघडून केंद्राच्या नावानं उत्तर द्यायचे. सगळा तालुका एकीकडे आणि सरांचं झाकणं एकीकडे... मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

मग एका बुधवारी धोंडाबाई आली. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीवरची सत्तरीची म्हातारी. पायाला कोयता लागून जखम चिघळली होती, महाडच्या डॉक्टरांनी पाय काढावा लागेल म्हटलं होतं. आमच्याकडे तीन महिने रोज ड्रेसिंग झालं आणि पाय राहिला. ती त्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत आली, काखेत पिशवी आणि पिशवीतून डोकं बाहेर काढून बघणारा एक लाल कोंबडा. बाहेर केसपेपरसाठी रांग लागलेली. म्हातारीनं आमच्या बंद दारावर थाप मारली आणि सर बाहेर येताच म्हणाली, नवस बोलले होते, पाय राहिला तर हितल्या देवाला कोंबडा देईन, तर आता तुजा देव कंचा ते सांग.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी पहिल्यांदा सगळं श्रेय औषधाला दिलं. म्हातारी म्हणाली, औषध म्हाडातबी देत होते. मग सर म्हणाले, देव सगळे एकच असतात, आजी. त्यावर ती चिडली. तिच्या वाडीला खाली एक देव, वर एक आणि सीमेवर एक, तिघांचे नवस वेगळे, मान वेगळा, आणि एकाचं दुसऱ्याला दिलेलं चालत नाही. शेवटी सरांनी खरं तेच सांगितलं, की आमच्यात नवस नसतो.

"तुमच्यात नसल," म्हातारी म्हणाली. "मी बोललीय ना. नाव सांग, मी घरी जाऊन फेडीन. पन बिननावाचा नवस कोनाच्या पदरात घालू रे? माज्या डोक्यावर ऱ्हायचा तो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. रांगेतली वीस-पंचवीस माणसं ऐकत होती, त्यातली निम्मी आम्ही कधी पाहिलेली नव्हती. सर दोनदा चष्मा पुसून खाली मान घालून काहीतरी पुटपुटले. म्हातारी म्हणाली, घशात नको बोलूस. तेव्हा मग त्यांनी मान वर केली आणि सरळ, मोठ्यानं, रांगेकडे तोंड करून सांगितलं, "येशू ख्रिस्त. आम्ही येशूचे आहोत, आजी. त्याच्याच नावानं हा दवाखाना चालतो."

काही झालं नाही. रांगेतल्या एका माणसानं विचारलं, ते ठीक हाय, पन आज नंबर कदी लागनार? म्हातारीनं कोंबडा काढून अंगणात सोडला, भिंतीकडे बघून हात जोडले आणि निघून गेली. रूथ सिस्टरनं त्याला त्याच दिवशी रश्शात घालायचं सुचवलं होतं, पण सरांनी जन्मात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. मला मागाहून म्हणाले, येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणारा एक शिष्य होता. कोंबडा आरवला तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. "मी चौदा वर्षं तेच करत होतो. माझ्याकडे कोंबडा पिशवीत घालून पाठवावा लागला." एवढं बोलून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी पाणी आणायला गेलो. कोंबडा चार वर्षं जगला आणि सबंध चार वर्षं औषधांच्या खोलीत जाऊन घाण करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी रजिस्टर मागवलं आणि चौदा वर्षांत जिथे जिथे 'वरिष्ठ' असेल तिथे खोडून 'देव' करा म्हणाले. मी साफ नकार दिला. मंजूर झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. नवा ठराव घ्यावा लागेल. मग बुधवारी आम्ही रीतसर ठराव घेतला: 'आजपासून देवाला देव म्हणण्यात यावे.' सूचक, प्रभाकर साळवे. अनुमोदक म्हणून रूथ सिस्टरनं हात वर करायच्या आधीच मी केला. एका बौद्ध माणसानं या ठरावाला अनुमोदन द्यावं की नाही हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला. बायको म्हणाली, तुमचं काय गेलं, तुम्ही कुठे म्हणणार आहात?

पुढे मुख्य कार्यालयाची परवानगी येऊन बोर्ड बदलायला वर्ष गेलं, त्यातले दोन महिने क्रूस डावीकडे असावा की मधोमध यात गेले. बोर्ड लागल्यावर ग्रामपंचायतीतले एक सदस्य आले आणि हे काय नवीन, म्हणाले. सर म्हणाले, नवीन काही नाही, जुनंच आहे, आता लिहिलं. कुणाला औषधाबरोबर दुसरं काही देत नाही, कुणी मागितल्याशिवाय प्रार्थनाही करत नाही. सदस्य जरा वेळ बोर्डाकडे बघत राहिले आणि मग गुरुवारी डॉक्टर का नसतात याची तक्रार करून गेले. सगळंच असं गोड झालं नाही. दोन घरं यायची थांबली. एक घर पुढच्या तापाच्या साथीत परत आलं, दुसरं आलंच नाही, आणि त्या घराचं नाव सर दर बुधवारी घेत राहिले, आता उघड्या दारात.

निवृत्तीच्या समारंभाला नगरहून संस्थेची वरिष्ठ मंडळी आली होती, म्हणजे खरी वरिष्ठ. सरांनी आभाराचं चार पानी भाषण लिहून आणलं होतं, ते बाजूला ठेवून बोलले. म्हणाले, "मी आलो तेव्हा ही संस्था ख्रिस्ती आहे हे एकट्या मलाच माहीत आहे, असं मी समजत होतो. खरं तर सगळ्यांना माहीत होतं, मीच विसरत चाललो होतो. आज हा दवाखाना दार उघडं ठेवून स्वतःचं नाव सांगतो, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. आणि ते सांगायला मला एका हिंदू आजीनं आणि एका बौद्ध कारकुनानं शिकवलं, त्यांचेही." नगरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. धोंडाबाई पुढच्याच खुर्चीवर बसली होती, ती शेजारणीला म्हणाली, याला आता कुटं जरा बोलायला आलं आनि हे त्याला घरी धाडतात. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी आपला हारांच्या परडीतल्या पाकळ्या उचलत होतो.

सर जायच्या महिनाभर आधी मी पुण्याला त्यांना भेटून आलो. अंगात काही राहिलं नव्हतं, पण डोळे तेच. निघताना म्हणाले, थांबा, प्रार्थना करू. विनिता, मी, ते. नातवाचं नाव घेतलं, दवाखान्याचं घेतलं, त्या न आलेल्या घराचं घेतलं, आणि मग म्हणाले, "आणि हे माझे मित्र, जाधव..." पुढचं मी नीट ऐकलं नाही. बावीस वर्षांत त्यांनी माझं नाव प्रार्थनेत घेतलेलं नव्हतं. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, राग नाही ना आला? म्हणाले, रोज घेत होतो, पण मनात. तुम्ही बौद्ध, तुम्हाला वाटेल हा ओढायला बघतोय, म्हणून मोठ्यानं घेण्याचं धाडस झालं नाही. आमच्या धम्मात वर कुणी ऐकायला बसलेलं नाही, हे मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग मी म्हटलं, "पण सर, घ्यायचं होतं. मी इतकी वर्षं प्रत्येक बुधवारी वाट बघत होतो." ते ऐकून ते इतके हसले, की विनिताला पाणी आणावं लागलं.

मीही आता निवृत्त झालो आहे, तरी बुधवारी साडेनऊला दवाखान्यात जातो. इतिवृत्त आता कुणी लिहीत नाही. दार उघडं असतं, बाहेरचे लोक आत डोकावून परत रांगेत जातात. रूथ सिस्टर आजाऱ्यांची नावं घेते, मुलांची घेते, धोंडाबाईच्या गुडघ्यांचंसुद्धा घेते. माझ्यापाशी आली की अडखळते, माझ्याकडे एकदा बघते आणि पुढचं नाव घेते. मला वाईट वाटेल, अशी तिला भीती आहे. या बुधवारी मीच तिला सांगणार आहे, सिस्टर, घ्या.