सीतेचा पडदा उचलताना

सरोजाअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी सर्जापूर रोडवर एका रिक्षात अडकून बसले होते. फोन विद्याचा होता. विद्या म्हणजे अक्कांच्या हाताखाली तयार झालेली, आता आमच्या संग्रहालयातल्या नाजूक वस्तूंची देखभाल करणारी मुलगी. घरची मल्याळी, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींशी इंग्रजीतच बोलतो. तिने एकच वाक्य सांगितलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली मागे केली. "मॅडम, पानी? स्वल्प?" तो कन्नड 'स्वल्प', म्हणजे 'थोडंसं', ऐकला आणि मला रडूच फुटलं, कारण या शहरात आल्यावर हा शब्द मला पहिल्यांदा शिकवला तो अक्कांनी. माझ्या प्रत्येक घाईवर त्यांचं एकच औषध असायचं, "स्वल्प थांब की."

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे मी पुण्याहून इथे आले. प्रदर्शनांची मांडणी करणं हे माझं काम. एका लहानशा संग्रहालयाने नव्या दालनासाठी बोलावलं म्हणून गेले. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईला फोनवर सांगत होते, "अगं, इथे एक माणूस मराठी बोलणारं नाही." कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "कोण म्हणालं गे? आम्ही नाही का?" पांढरे केस, सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड विरघळलेलं होतं आणि त्याची त्यांना जराही खंत नव्हती; उलट माझ्या पुणेरी बोलण्यालाच त्या हसायच्या. त्या मला नावाने क्वचितच हाक मारत. "ए पुणेकरीण" एवढंच.

त्यांची एक सवय मला आधी विचित्र वाटली होती. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी आपण काय करणार ते त्या मोठ्याने बोलून दाखवत. "आता मी तुझी खालची कड उचलते हं." मग थांबत, आणि मगच उचलत. विद्याशी, शिपायाशी, संग्रहालयाच्या प्रमुख साहेबांशी त्या कन्नडमध्ये बोलत, पण वस्तूशी मात्र मराठीत. आजीबाई थोड्या सरकल्या आहेत, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी स्वतःच कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला चामड्यावरचं एक जुनं चित्र साफ करताना त्यांनी सवयीने ओला बोळा फिरवला होता. कातडं डोळ्यांदेखत आखडलं, तळणीतल्या पापडासारखं. "हात पुढं गेला, डोकं मागं राहिलं. तवापासून पहिल्यांदा तोंडानं सांगते. सांगायला जमत नसलं तर करायला पण जमत नाही, सरी? बरोबर ना?" हे त्या कुणालाही, अगदी पाहुण्यांनाही, हसत हसत सांगत. आपली चूक एवढ्या मोकळेपणाने मिरवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि मग सीता आली. आनेकलच्या पलीकडच्या एका गावात हनुमंतप्पा राहतात. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारं त्यांचं घराणं. पडद्यामागे दिवा लावायचा आणि रंगवलेल्या, आरपार उजेड झिरपणाऱ्या बाहुल्या पडद्याला टेकवून रामायण खेळायचं. त्यांच्या घरात बोलतात तीही मराठीचीच एक जुनी बोली. त्यामुळे ते, अक्का आणि मी एकत्र बसलो की तीन घरांच्या तीन मराठी एका टेबलावर नांदायच्या. त्यांच्याकडे पणजीच्या वेळची सीता होती. तिला हलणारा हात एकच आणि तोच वळून आखडलेला. अशोकवनात मारुतीने दिलेली अंगठी घ्यायला तो पुढे होईना. आणि त्यांच्या घरचा रिवाज असा, की जी बाहुली नाचू शकत नाही तिला मेलेल्या माणसासारखा मान देऊन पाण्यात सोडायचं. हनुमंतप्पा सीतेला शेवटची म्हणून अक्कांना दाखवायला घेऊन आले होते.

अक्कांनी ती मागितली. हनुमंतप्पा म्हणाले, "काचंत ठेवणार, अक्का? मेलेलं माणूस काचंत ठेवतात का?" मला वाटलं, आता अक्का संवर्धनावर भाषण देतील. पण त्या म्हणाल्या, "नाही, अण्णा. हिला मी नाचवायला देते. वर्षाला एकदा तुम्ही या, हिनं अंगठी घेतली तर इथंच राहू दे. ज्या वर्षी घेतली नाही, त्या वर्षी तुम्ही न्या. पाण्यापर्यंत मी पण येते." असा करार कुठल्या संग्रहालयाने केला असेल का, मला माहीत नाही. तो साहेबांच्या गळी उतरवायला अक्कांना बरंच काही करावं लागलं.

कित्येक आठवडे अक्का आणि विद्या त्या एका हातावर बसून होत्या. थेट पाणी नाही. दमट हवा देऊन कातडं हळूहळू सैल करायचं, टीपकागदात दाबायचं, पुन्हा सैल करायचं. फाटलेल्या कडेला पातळ कागदाचं ठिगळ. प्रत्येक वेळी तेच, "आता मी हिचा हात उचलते हं." हात सरळ झाला. मग माझी पाळी आली. मी सीतेमागे दिवसभर उजळणारा सुंदर प्रकाश आखला होता. अक्कांनी आराखडा पाहिला, कौतुक केलं आणि बाजूला ठेवला. सतत उजेडात रंग उडतील, कातडं सुकेल. त्यांना हवा होता अंधार, आणि समोर एक साधा सुती पडदा. बघणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने उचलायचा, तेव्हाच मागचा मंद दिवा लागेल. सोडला की अंधार. "अहो अक्का, कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमसारखं दिसेल," मी वैतागून म्हणाले. "दिसू दे की. ट्रायल रूममध्ये कोण न बघता बाहेर येतं?" पडदा त्यांनी घरी शिवला, खळ पार जाईपर्यंत धुऊन धुऊन. आणि झालं असं, की लोक बाकीच्या काचपेट्यांसमोरून चालत पुढे जात, पण इथे थांबत, पडदा उचलत, आणि आवाज आपोआप खाली येई. मी हरले, आणि त्या हरण्याने मला या व्यवसायातलं सगळ्यात उपयोगी शहाणपण दिलं.

दरवर्षी हनुमंतप्पा येत. दालनाच्या खिडक्या झाकून दुपारीच खेळ होई, तोही फक्त अंगठीचा प्रसंग. दरवर्षी सीता हात पुढे करी, आणि ते अक्कांकडे बघून मान हलवत. "पुढल्या वर्षी येतो."

अक्कांशी शेवटची भेट झाली ती त्यांच्या घरी. आजाराने आवाज अगदी बारीक झाला होता. मी प्रकृतीचं विचारलं तर हात झटकला. "माझं होईल ते होईल. सीतेचं बघा तुम्ही. पेटीतनं काढायला घाबरतील सगळे."

तसंच झालं. त्या गेल्यावर थोड्याच आठवड्यांत हनुमंतप्पांची तारीख आली, आणि बैठकीत साहेब म्हणाले की अक्का होत्या तोवर गोष्ट वेगळी होती, यंदा बाहुली पेटीतच राहू दे, टीव्हीवर व्हिडिओ दाखवू. माझं डोकंच फिरलं. शब्द दिला होता तो माणूस गेला म्हणून शब्दही गेला का, असं काहीबाही मी बोलले. साहेब वाईट नाहीत, त्यांना भीती वाटत होती आणि ती खोटीही नव्हती. कातडं फाटलं तर सीता जाणार, आणि नाचवलीच नाही तरी करारानुसार ती पाण्यातच जाणार. विद्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "मी काढते. त्या हाताची प्रत्येक सुरकुती मला माहीत आहे." ती एवढं ठामपणे कधी बोलत नाही, म्हणूनच बहुधा साहेबांनी होकार दिला.

त्या दुपारी हनुमंतप्पा आले, अक्कांच्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी नमस्कार केला आणि पेटीजवळ उभे राहिले. विद्याने पडदा बाजूला केला, काच उघडली. तिचे हात हवेत थांबले. मला वाटलं, घाबरली. आणि मग ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "आता मी हिचा हात उचलते हं."

मराठीत. अक्कांच्या मराठीत, त्यांच्याच हेलात... विद्याला मराठीतलं दुसरं वाक्य येत नाही. मी नंतर विचारलं, तर तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. हे काम असंच करायचं असतं, असं ती शिकली होती. हनुमंतप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत, हलकेच म्हणाले, "उचल, बाय."

हनुमंतप्पा सीतेला घेऊन खेळाच्या पडद्यामागे बसले, दिवा लागला. मारुतीने अंगठी पुढे केली. सीता क्षणभर तशीच राहिली आणि मग तिचा हात आला, पुरता, बोटांपर्यंत. मी तोंडावर ओढणी धरून रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. हनुमंतप्पांनी बाहुली परत दिली, सवयीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग वळून विद्याकडे.

"पुढल्या वर्षी येतो," ते म्हणाले.

ते काय म्हणाले हे मी विद्याला सांगू लागले. तिने बोट ओठांवर ठेवून मला थांबवलं. सीता पेटीत परत जायची होती, आणि आपण आता काय करणार ते विद्याला आधी तिला सांगायचं होतं.