तण लावणारा माणूस

कुणाचंच न ऐकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतः होऊन मागितलेला सल्लाही न ऐकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आयटी पार्कशेजारच्या माण गावातले आमचे घरमालक. लातूरहून मी नोकरीसाठी आले, तेव्हापासून त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होते. माझं कामच ऑफिसात याद्या करून माणसं जागची हलवण्याचं, त्यांच्याकडून कामं करून घेण्याचं. मालकांना मात्र मी कधी हलवू शकले नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, "मालक, गाडी कुठे लावू?" ते म्हणाले, "विहिरीवर लावा." मी गाडी घेऊन आवारभर विहीर शोधली. जिथं बोट दाखवत होते तिथं सिमेंटचे ठोकळे बसवलेलं स्वच्छ पार्किंग होतं. विहीर थोरल्या मुलानं बुजवली होती, तिसरी इमारत उठली तेव्हा. मालकांना हे मान्य नव्हतं. "बुजवली म्हून नाव बदलतंय व्हय? माणूस गेला तरी घराला त्याचंच नाव ऱ्हातंय की." पार्सल आणणारी पोरं फोनवर "विहीर कहाँ है अंकल?" असं ओरडत आवारात फिरायची आणि मालक ओट्यावरून शांतपणे सांगायचे, "तू हुबा हाईस त्याच्या खाली."

विहीर बुजवायला मुरमाचे डंपर येऊन उभे राहिले, तेव्हा हा माणूस घरातली पीठ चाळायची चाळण घेऊन आत उतरला होता म्हणे. वर मुलगा ओरडतोय, डंपरवाला हॉर्न वाजवतोय आणि मालक गुडघाभर पाण्यात मासे धरतायत. बोटाएवढे मासे, अंगावर लाल-हिरवी चमक आणि डोक्यावर चांदीचा एकच ठिपका, कुणी टिकली लावल्यासारखा. मालक त्यांना पिकू म्हणायचे. हे मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतात. खालचं पाणी जणू दुसऱ्याच्या मालकीचं आहे. त्यांच्यासाठी मालकांनी काचेची मोठी टाकी आणली आणि जिन्याखाली ठेवली. चाळण मालकीणबाईंना परत मिळालेली नाही आणि नवी आणूनही त्या ते विसरलेल्या नाहीत. थोरल्याला ती जागा लिफ्टच्या इन्व्हर्टरसाठी हवी होती. शेवटी बापलेकात ठरलं: मासे आहेत तोवर टाकी राहील, मासे संपले की इन्व्हर्टर. थोरला रोज कामाला जाताना टाकीत डोकावायचा, आणि तो काय मोजतोय हे मालकांना बरोबर कळायचं.

आता टाकीत झाडं लावायची होती. मालकांनी मला सल्ला विचारला. मी वाचून, चार जणांना विचारून सांगितलं की मासा वर राहणारा आहे, तेव्हा झाडही वरचं हवं. तरंगणारं, खाली मुळ्या सोडणारं. "बरं," म्हणाले, आणि माझ्याच स्कूटरवर मागं बसून हायवेजवळच्या माशांच्या दुकानात आले. दुकानदारानंही तेच सांगितलं आणि एका टबातली तरंगती झाडं दाखवली: चिमुकल्या कोबीसारखी, खाली दाढीसारख्या मुळ्या लोंबणारी. मालक टबाकडे बघतच राहिले.

"ह्ये इकतोस व्हय रं?"

"हो काका, वॉटर लेट्यूस. फास्ट वाढतं."

"मला सांगतोस? जन्मभर रोजानं बाया लावून ह्येच उपटून बांधावर फेकलं. आन् तू पैशानं इकतोस! उद्या गाजरगवताची रोपं ठिवशील."

त्यांनी निवडली ती तळाशी रुजणारी, लांब हिरव्या पात्यांची, थेट भातासारखी दिसणारी झाडं. घरी आल्यावर त्यांनी टाकीत चक्क आवणी, म्हणजे भाताची करतात तशी लावणी, केली. दोरी धरून ओळी आखल्या, बाही कोपरापर्यंत सारून वाळूत एकेक काडी खोचली, दोन ओळींत चार बोटांचं अंतर. खाचरात उभं राहावं तसे वाकून ते दुपारभर जिन्याखाली होते. येणारा-जाणारा भाडेकरू थांबायचा आणि त्याला आवणीवर व्याख्यान मिळायचं. पाती वाढून पाण्यावर आडवी पसरू लागली की मालक कात्रीनं शेंडे छाटत. वर हिरवं काही दिसलं की हात शिवशिवायचा. "पानी कसं आरशावानी पायजे," ते म्हणत. झाकणाचाही विषय नव्हता. विहिरीला कुठं झाकण होतं?

मासे आरशाखाली घाबरून राहिले. कुणी जिना उतरला, बल्ब लागला, की सगळे दचकून कोपऱ्यात. त्यांना ना वर आडोसा, ना सावली, आणि खाली जायची तर जातच नाही. मग ते उड्या मारू लागले. एक चपलांच्या रॅकखाली सापडला, एक माझ्या स्कूटरच्या चाकापाशी. मालक दोष देत भाडेकरूंच्या मोबाइलला, बोअरच्या पाण्याला, थोरल्याच्या नजरेला. मी पुन्हा तरंगत्या झाडांचा विषय काढला, तर म्हणाले, "म्याडम, तुमी हापिसात हुशार. पर शेतात तण लावायला सांगणाऱ्याला गावात काय म्हन्त्यात, ठावं हाय का?" थोरला एकदा टेप घेऊन जिन्याखालची भिंत मोजून गेला. मालकांनी त्या संध्याकाळी जेवण केलं नाही.

मग एका सकाळी अजून एक मासा फरशीवर तडफडत होता. मालकीणबाईंनी तो पदरात उचलून पाण्यात सोडला. त्या बाई सहसा बोलत नाहीत. पण बोलल्या की वाद मिटतो.

"अवो, विहिरीत कुणी आवणी केलती?"

मालक कात्री शोधू लागले, तर त्या पुढं म्हणाल्या,

"पानी शेंदायला गेलं की वर हिरवी साय असायची. उंबराचा पाला पडल्याला. घागरीच्या बुडानं सारून जागा करावी लागायची मला, आन् मासं त्या सायीच्या खालीच असायचं. तुमी विहिरीत पवायला जायचात, म्हून तुमाला ठावं न्हाई. पानी मी भरायची."

दुसऱ्या दिवशी मालक माझ्या दाराशी आले. "म्याडम, त्या दुकानात जाणार व्हता न्हवं?" मी कुठंच जाणार नव्हते. निघाले. त्यांनी ती तरंगती झाडं पिशवीभर घेतली आणि वाटेत बाजारात थांबून कोथिंबिरीच्या दोन जुड्या वर पसरल्या. "गावात कुणी बघितलं तर म्हनंल, म्हातारा तण लावतुया." घरी पोचेपर्यंत पिशवी छातीशी. तिचं तोंड त्यांनी टाकीपाशीच उघडलं, तेही मालकीणबाई आत आहेत हे बघून. ठिबकच्या नळीचं एक कडं वळवून त्यांनी पाण्यावर सोडलं, म्हणजे त्या गोलात झाड शिरणार नाही आणि दाणा टाकायला पाणी उघडं राहील. घागरीची जागाच होती ती. शेंडे छाटायची कात्री मालकीणबाईंनी मेथीच्या जुड्यांची मुळं कापायला घेतली, ती कायमची.

मुळ्यांच्या सावलीत मासे स्थिर झाले. त्यांचे डोक्यावरचे ठिपके हिरव्यातून चमकायचे. पुढे त्याच मुळ्यांना मोहरीएवढी पारदर्शक अंडी चिकटलेली दिसली. पिलं मोठ्यांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून मालकांनी त्या मुळ्या वेगळ्या टबात काढल्या. थोरला डोकावला, तर बाप म्हणाला, "मोज की आता." इन्व्हर्टर गच्चीवर गेला.

मी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले, तेव्हा मालक फाटकाशी आले. "ऱ्हावा" म्हणाले नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नाही. लोणच्याची रिकामी बरणी हातात दिली; पाणी आणि वर चार झाडं. "मासं देत न्हाई. तण न्या." मी ते बाल्कनीतल्या काचेच्या पसरट भांड्यात सोडलं आणि सामान लावण्यात विसरूनही गेले. एका सकाळी मुळ्यांखाली काहीतरी हललं. नखाएवढं, आणि डोक्यावर चांदीचा ठिपका.

मी फोन केला. "मालक, तुमची विहीर माझ्याकडे आलीय."

"कितव्या मजल्यावर हाय म्हनला तुमचा फ्लॅट?"

"अकराव्या."

"सांगतो थोरल्याला," ते गडगडाटी हसले. "म्हनावं, आता बुजव!"

 मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी अगदी हळू विचारलं,

"म्याडम, वर सावली हाय न्हवं त्यास्नी?"