न झोंबणारी सुई

उमाकांत टिल्लू पुण्याहून बंगळूरला आला तो एका औषधाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून. चिकपेटेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या नरसिंहरावांच्या माडीवर त्याने खोली घेतली. ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, घरातल्या मराठीत निम्मी कानडी मुरलेली. नरसिंहरावांच्या आईला, शारदाबाईंना, सगळी गल्ली अक्का म्हणे. उमाकांतही म्हणू लागला.

अक्कांना मधुमेह होता. सकाळी नरसिंहराव काचेची सिरिंज उकळून त्यांना इन्शुलिन टोचत. त्या काळचं इन्शुलिन आम्लातच विरघळून राही आणि कातडीखाली गेलं की झोंबे. अक्का तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत राहत. जिना उतरताना उमाकांतला हे रोज दिसे, आणि हे औषध आपल्याच कारखान्यात बाटल्यांत भरलं जातं, याची त्याला बोचणी लागे.

आम्ल जरा कमी केलं तर? फार कमी झालं की इन्शुलिनचा साका होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या हद्दीच्या अलीकडे थांबायचं, एवढंच. पुष्कळ खटपटीने त्याने ते जमवलं. औषध न घातलेलं, तेवढंच आंबट पाणी स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, तर नावालाच चुरचुरलं. नमुन्याच्या बाटल्या उबेत ठेवल्या, त्याही महिनोन्‌महिने स्वच्छ राहिल्या.

पण ते नमुने प्रयोगशाळेतल्या उत्तम काचेच्या बाटल्यांत होते. बाजारात जाणारा माल साध्या काचेत भरला जाई, आणि साध्या काचेतून हळूहळू क्षार उतरतो आणि आम्ल आणखी कमी करतो. म्हणजे त्याच बाटल्यांत पुन्हा सगळी परीक्षा घ्यायला हवी होती. व्यवस्थापक हयवदन यांनी माल कधी निघणार म्हणून विचारलं, तेव्हा उमाकांतच्या ओठांवर ते आलंही होतं. मात्र घरी अक्का न झोंबणाऱ्या औषधाची वाट पाहत होत्या, कारखान्यात त्याचं नाव होत होतं. तयार आहे, असं तो सांगून मोकळा झाला.

त्या वर्षी गल्लीतल्या गणपतीपुढे त्याचा सत्कार झाला. शाल अक्कांनीच त्याच्या खांद्यांवर घातली. सुई टोचून झाली तरी मला कळत नाही, असं त्या चारचौघांत म्हणाल्या, आणि तो मान खाली घालून हसला.

उन्हाळ्यात अक्का सुकत चालल्या. सारखी तहान लागे, आणि पायाला वहाण लागून झालेली जखम भरेना. इस्पितळात नेलं तोवर बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. डॉक्टरांनी औषधाबद्दल शंका काढली, तर अक्कांनी त्यांनाच गप्प केलं. आमच्या उमाकांतने केलेलं औषध आहे, त्यात खोट निघायची नाही, असं त्या म्हणाल्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या उमाकांतला तिथे थांबवेना.

घरी येऊन त्याने फळीवरची बाटली खिडकीशी धरली. आतून काचेला धुरकट थर चिकटला होता. औषध काचेवर बसलं होतं आणि नरसिंहराव आईला बहुतेक नुसतं पाणी टोचत होते.

तसाच तो कारखान्यात गेला. हयवदन यांनी माल परत मागवला, वर काचवाल्यावर ठपका ठेवायची वाटही सुचवली. उमाकांतने ती धरली नाही. याच काचेत जुनं औषध टिकत होतं, परीक्षा मी चुकवली, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. त्याचं प्रयोगशाळेतलं काम काढून घेतलं गेलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. अक्कांना सांगायचं राहिलं होतं, आणि त्याला धीर होत नव्हता.

अक्का इस्पितळातून घरी आल्यावर त्याने सांगितलं. नरसिंहराव उठून आत निघून गेले. अक्का पायाच्या पट्टीकडे बघत होत्या.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"होय अक्का. काच तपासायला हवी, हे ठाऊक होतं."

"सरी. बरं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

खोली सोडतो, असं तो म्हणाला, पण अक्कांनी सोडू दिली नाही. नरसिंहराव मात्र पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत. जुनं झोंबणारं औषध पुन्हा सुरू झालं. अक्का पुन्हा पदर तोंडाला लावू लागल्या, आणि उमाकांत त्यांचं टोचून होईपर्यंत माडीवरच थांबू लागला.

काही वर्षांनी, एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरल्यावर, त्याला पुन्हा प्रयोगशाळेत घेतलं. आता परदेशातून आम्ल नसलेलं, तरी स्वच्छ राहणारं इन्शुलिन येऊ लागलं होतं. ते कारखान्यात भरायचं ठरलं, तेव्हा त्याने बाजारातल्याच बाटल्यांत ते उन्हाळे-हिवाळे ठेवून पाहिलं. हयवदन घाई करत राहिले, हा हलला नाही. औषध खरंच टिकलं, खरंच झोंबलं नाही. पहिली बाटली घेऊन तो अक्कांसमोर बसला आणि कसकशी परीक्षा घेतली ते सगळं सांगू लागला.

अक्कांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली.

"चांगलं असेल, दुसऱ्यांना दे," त्या म्हणाल्या. "मला ते दुखणारंच असू दे बाबा. स्वल्प झोंबलं की औषध आत गेलं, एवढं तरी कळतं."

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्याने बाटली खिशात टाकली. आतून नरसिंहरावांनी सिरिंज उकळायला ठेवल्याचा आवाज आला, तसा तो उठला आणि जिना चढून वर गेला.