तळघराला रंग दिला म्हणून

शिवणमावशींचं मशीन पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी असायचं. तिथून ते नवऱ्यानंही कधी हलवलं नव्हतं. तो गेल्यावर त्याच उजेडात बसून त्यांनी मुलाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि अख्ख्या गल्लीचे कपडे सैल-घट्ट करता करता कोण सुटलंय, कोण वाळलंय याची खबरही ठेवली.

मुलगा विम्याचं काम करायचा. गिऱ्हाइकांसाठी त्याला रस्त्यालगत ऑफिस हवं होतं. त्यानं घराखालचं तळघर रिकामं केलं, भिंतींना पांढरा रंग फासला, ट्यूबलाइट लावली आणि आईला हाताला धरून खाली नेलं.

"आई, हे तुझं बेसमेंट. बस निवांत शिवत."

मावशींनी भिंतीला तळवा टेकवला. ओल लागली. "खिडकी कुठंय?"

"पंखा बसवतो ना हवेसाठी."

"हे बघ, माणसं राहतात ते बेसमेंट. कांदे-बटाटे राहतात ते तळघर. रंग दिला म्हणून तळघराची खोली होत नाही. आणि मला अजून कोंब फुटलेले नाहीत."

मुलानं हसून विषय सोडला. पण पुढच्याच आठवड्यात मावशी बहिणीकडून परतल्या, तर खिडकीशी त्याचं टेबल, त्याची फिरती खुर्ची, समोर एक गिऱ्हाईक. मशीन दिसेना. सून दारातच उभी होती.

"खाली नेलंय. मी नको म्हणत होते, आई," ती हळूच म्हणाली.

मावशी तशाच खाली उतरल्या. ज्या मशीननं घर उभं केलं, ते ओल्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. त्या चप्पल न काढताच कोपऱ्यावर गेल्या आणि दोन हमाल घेऊन आल्या.

"आधी हे टेबल खाली न्या. मग मशीन वर आणा."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ऑफिस बेसमेंटमध्ये आहे. निवांत आहे, असं तूच म्हणालास."

हमालांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि टेबल उचललं. गिऱ्हाईक मुकाट्यानं बाजूला झालं; अंगावरची पँट मावशींनीच शिवलेली होती.

मुलानं अबोला धरला. हट्टानं खालीच बसू लागला. पण कागद मऊ पडू लागले, आलेली माणसं शिंकू लागली. घर उतारावर होतं; मागच्या बाजूला तळघराची भिंत अर्धीअधिक जमिनीबाहेर होती. शेवटी त्यानं गवंड्याला बोलावून तिथं चांगली रुंद खिडकी काढून घेतली. ऊन आत आलं, ओल हटली.

त्या दिवशी तो आपणहून वर आला आणि मशीनशेजारी टेकला.

"आई, आता खरंच बेसमेंट झालं. भरपूर उजेड आहे. येतेस का खाली?"

मावशींनी दातानं दोरा तोडला.

"बघायला येईन की. राहायला तू आहेसच."