दारात विचारायचा प्रश्न

निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी तीर्थयात्रेला जायला लागल्या आणि मी एस.टी.नं ग्रामीण रुग्णालयं हिंडायला लागले. नगर शहरातल्या एका रुग्णालयात, कॅन्सरच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं मी तिथं इन्चार्ज सिस्टर होते आणि माझ्या आवाजाला नवे डॉक्टरसुद्धा वचकून असत. तो आवाज सावेडीतल्या फ्लॅटमध्ये सुनेवर वापरण्यापेक्षा कुठंतरी सत्कारणी लावावा, असं घरातल्यांचंच म्हणणं पडलं. म्हणून मग नर्सना आणि डॉक्टरांना शिकवायचं काम मी पत्करलं. कॅन्सरचा पेशंट अचानक अत्यवस्थ होऊन तुमच्या दारात आला तर ते ओळखायचं कसं, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत करायचं काय, एवढंच शिकवायचं.

मी जन्मभर उशिरा आलेली माणसं पाहिली होती. पाठ दुखते म्हणून चोळून घेत बसलेली आणि पाय गेल्यावर उचलून आणलेली. तोंड सुजलं म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या खात राहिलेली. आणि सगळ्यांत जास्त, तापाची. केमोची सलाईन लावली की काही दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, अंगात जंतूंशी लढायला कोणी उरत नाही. त्या दिवसांत आलेला ताप आपला नेहमीचा ताप नसतो. सकाळी बसून चहा प्यालेलं माणूस संध्याकाळी नसतं. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं तर आशा असते, आणि क्रोसिन देऊन बाकावर बसवून ठेवलं तर ती आशा बाकावरच संपते.

म्हणून क्लासमध्ये मी एक गोष्ट घोकून घ्यायचे. ताप म्हणून कोणीही दारात आलं, की थर्मामीटर लावायच्या आधी प्रश्न विचारायचा: कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे का? लोक केमो म्हणत नाहीत, तर त्यांच्या भाषेत विचारा. गाठीची सलाईन लावलीय का, विजेचे शेक घेतलेत का. नर्सनाच पेशंट आणि नातेवाईक करून मी त्याचं नाटक बसवायचे. एक जण ओढणी गुरफटून कण्हायची, दुसरी मिशीवर बोट ठेवून तिचा नवरा व्हायची, सगळ्या खिदळायच्या आणि हसता हसता प्रश्न पाठ व्हायचा. या नाटकातला नवरा नेहमी खरं उत्तर द्यायचा.

खऱ्या नवऱ्यांचं तसं नसतं. आपल्याकडे कॅन्सर झालेल्या माणसालाच त्याला कॅन्सर झाल्याचं सांगत नाहीत. गाव, जात, धर्म, शिक्षण, कशानंही यात फरक पडत नाही. माझे सख्खे दीर बँकेत मॅनेजर होते. त्यांना घरच्यांनी अखेरपर्यंत ‘अल्सर आहे’ म्हणून सांगितलं, आणि मी तोंड उघडीन या भीतीनं मला भेटायलाही बोलावलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मला या मुठीचा मनस्वी राग येतो. ज्याचं दुखणं त्यालाच पत्ता नाही, आणि बाकी सगळ्या गल्लीला माहीत.

प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दुसऱ्यांदा गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. थंडीचे दिवस होते, कारखाने सुरू होते, उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत एस.टी. उशिरा पोचली. क्लास लसीकरणाच्या खोलीत होता. सुरू करायच्या आधी मी मुद्दाम ओपीडीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. शिकवलेलं डोक्यात राहिलंय की पालथ्या घड्यावर पाणी, ते बघायचं होतं.

तेवढ्यात रिक्षातून एक जोडपं उतरलं. नवरा गाद्या-उशा भरून देणारा कारागीर. त्याच्या स्वेटरला अजून कापूस चिकटलेला होता. बायको चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्यावरून ओढणी कपाळापर्यंत घट्ट घेतलेली, दात वाजत होते. दारातली नर्स माझ्या मागच्या क्लासला होती. तिनं मान वर केली आणि थर्मामीटरला हात लावायच्या आधी विचारलं, “ताई, कसली गाठबीठ आहे का? त्याची सलाईन चालू आहे का?”

मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच मनातल्या मनात तिची पाठ थोपटली.

“न्हाई वो सिस्टर, तसलं काई न्हाई,” नवरा लगेच म्हणाला. “टायफॉइड हाय. मागं पन झाल्ता.”

नर्सनं बायकोकडं बघितलं. बायको खाली बघत होती. पाठीमागं रांग होती, कोणाचं पोर रडत होतं. नर्सनं ताप बघितला, गोळी दिली, टायफॉइडच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला सांगितलं आणि तिला आत खाटेवर निजवून साधी सलाईन लावली. विचारायचं ते तिनं विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. मी समाधानानं क्लास घ्यायला गेले.

आणि त्या खोलीत, त्या बाईच्या खाटेपासून एका भिंतीच्या अंतरावर, मी फळ्यावर ‘ताप’ असं लिहून जोरजोरात शिकवत होते. एक तास, सिस्टर, आपल्या हातात एक तास असतो. माझा आवाज भिंतीपलीकडं जातो, हे मला सगळ्यांनीच आजवर सांगितलंय.

चहाच्या सुट्टीत हात धुवायला बाहेर आले तर ती खाट वाटेतच होती. सवयीनं मी तिच्या हाताकडं बघितलं. नखं काळवंडलेली. मनगटापासून वर गेलेली शीर करपल्यासारखी दिसत होती. ओढणीखालचं कपाळ बघितलं तर भुवया नव्हत्या. असल्या हातांवर मी इतकी वर्षं शीर शोधली होती की मला दुसऱ्या कशाची गरज नव्हती.

“शेवटची सलाईन कधी लावली, बाई?” मी वाकून विचारलं.

तिनं डोळे उघडले. दाराकडं, बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, “त्यांना इचारा.”

मी त्याला दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. आधी तो ‘टायफॉइड’च म्हणत राहिला. मग माझा चेहरा बघून त्याचा धीर सुटला. छातीत गाठ होती, शहरात ऑपरेशन झालं होतं, सलाईन मागच्याच आठवड्यात लावून आणली होती. “पन तिला म्हायती न्हाई, सिस्टर. तिला आमी साधी गाठ सांगितलीय. तिच्याफुडं ते नाव घेऊ नका, पाया पडतो. ती हाय खायाची.”

“ती हाय खायला जगली तर पाहिजे ना!” मी ओरडले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मी आणखीही बरंच बोलले. तो माणूस हात जोडून उभा होता आणि मला त्याचा इतका संताप आला होता की ते जोडलेले हात मला दिसतच नव्हते.

मेडिकल ऑफिसर तरुण आणि भला माणूस होता. एका वाक्यात त्याला कळलं आणि तो धावला. कपाटात होतं त्यातलं सगळ्यात जोरदार अँटिबायोटिक शिरेतून दिलं, सलाईन पुरी सोडली, ऑक्सिजन लावला. पण बी.पी. मोजायला घेतलं तर ते लागेचना. दारातली ती नर्स इंजेक्शन भरताना रडत होती. “मी विचारलं होतं, मॅडम,” एवढंच ती म्हणत होती. मी तिला म्हटलं, विचारलं होतंस, मी बघितलं. याहून जास्त तिला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

अँब्युलन्स आली. नवऱ्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मागं तिच्याजवळ मी बसले. नगर-मनमाड रस्त्यानं ज्यानं पेशंट नेलाय त्याला सांगायला नको. एक खड्डा चुकवला की दुसरा दारात हजर, आणि मध्ये उसाच्या ट्रॉल्या. मी एका हातानं सलाईनची बाटली आणि एका हातानं तिचं मनगट धरून बसले होते. ऑक्सिजननं तिला थोडी हुशारी आली. तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“बाई, मला म्हायती हाय,” ती म्हणाली.

“काय माहिती आहे?”

“कॅन्सर हाय ते. पयल्या दिवसापासनं म्हायती हाय. त्या वार्डात सगळ्यांनाच त्ये हुतं, मला एकटीला साधी गाठ कशी आसंल?” ती किंचित हसली. “तुमी भितीपलीकडं शिकवत हुता, त्ये बी ऐकलं.”

मला रागच आला, आणि तो राग अशा बाईवर की जिची नाडी माझ्या बोटांखाली लागत नव्हती. “अगं, मग दारात त्या पोरीनं विचारलं तेव्हा का बोलली नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?”

“ते न्हाई म्हनले ना,” ती म्हणाली, जणू मी फार साधी गोष्ट विचारली होती. “एवढ्या मानसांत त्यांना खोटं पाडू? आनि इतक्या म्हैन्यांत त्यांनी कुनाकुनाला कायकाय सांगितलं, मला कळू नये म्हनून. मान्सं घरी आली तर दारातच थांबवायचे. मला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांचं सगळंच वाया जाईल की वो.” मग तिनं माझं बोट धरलं. “पोरांच्या अब्बांना सांगू नका. शबूद द्या मला.”

मी इतक्या वर्षांत पेशंटना पुष्कळ शब्द दिले, त्यातले बरेच वेळ मारून न्यायला दिलेले होते. हा मात्र मी खरा दिला. काचेतून पुढं बसलेल्या त्याचं डोकं दिसत होतं. तो सारखा मागं वळून बघत होता, आणि प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घेत होती, काही न कळणाऱ्या बाईसारखी. तिला ते किती सवयीचं होतं, हे मला दिसत होतं. एका खोलीत, एका ताटाशी दोघं रोज हे करत होते. ऐनवेळी त्या दारात नर्सचा प्रश्न आला, आणि दोघांनीही एकमेकांसाठी तो परतवून लावला.

शहरात पोचलो तेव्हा तिला थेट आयसीयूत घेतलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर होत्या, त्यांनी काही कमी केलं नाही. मी घरी गेले, आंघोळ केली, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तेव्हा तिच्या किडन्या बंद पडल्या होत्या आणि ती कोणाला ओळखत नव्हती. दुपार व्हायच्या आत ती गेली.

दारात खरं उत्तर मिळालं असतं तर ती वाचलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तिचा तो तास भिंतीपलीकडं वाया गेला, आणि तो वाया जाऊ नये हे शिकवायलाच तर मी तिथं गेले होते. तेव्हापासून मी क्लासमध्ये निराळं सांगते. पेशंटला एकटं विचारा, नातेवाइकाला एकटं विचारा, आणि दोघांपैकी कोणाच्याही ‘नाही’वर विश्वास न ठेवता नखं बघा, भुवया बघा. नाटकातल्या नवऱ्याला आता मी खोटं बोलायला लावते. पहिल्यासारखं कोणी खिदळत नाही.

कागदपत्रं होईपर्यंत तो आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होता. मय्यत गावी न्यायची होती, भाऊबंद गाडी बघायला गेले होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. आदल्या दिवशी त्याला जे बोलले होते त्यातलं एकही अक्षर आता माझ्या तोंडून निघालं नसतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जण डबा घेऊन बसला होता. त्याच्या आईची तपासणी झाली होती, रिपोर्ट वाईट आला होता, आणि तिला समोरच्या वॉर्डात भरती केलं होतं.

“सिस्टर,” गादीवाला खाली मान घालूनच म्हणाला, “गाडीत तुमी तिच्यापाशी हुता. तिला कळलं हुतं का वो काही?”

“नाही,” मी म्हणाले.

“आखरीपर्यंत न्हाई?”

“नाही.”

तो दोन्ही हातांत तोंड घालून रडला. खूप वेळानं त्यानं रुमालानं चेहरा पुसला, आणि त्याला आत कुठंतरी बरं वाटलेलं मला दिसलं. मग तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाकडं वळला.

“आईला सांगितलं का, काय झालंय ते?”

“न्हाई अजून. डॉक्टर म्हनतात सांगा. माझा जीव हुईना.”

“सांगूच नका,” गादीवाला म्हणाला. “माझीला आखरीपर्यंत कळलं न्हाई. सुकानं गेली. इचारा सिस्टरला.”

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मला ओरडायचं होतं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा माझा आवाज, पण तो आला नाही. दोघंही माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली, आणि डबेवाल्यानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. तो उठला, स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसून त्यानं चेहरा हसरा केला, आणि डबा घेऊन आईकडं आत गेला.