अंगठी घरीच होती

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. सोसायटीच्या गेटपाशी कोणी उतारा टाकला तर बाकीच्या बायका वळसा घालून जातात, मी त्यातला चांगला नारळ उचलून वॉचमनला देते. माझी स्कूटी मी अमावास्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नव्हती. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी करते, दिवसभर कंटेनर आणि कस्टम्स… भुताखेतांना वेळ कुठे! तरी लिहितेय, कारण घरात हे बोलायची सोय राहिलेली नाही.

माझा नवरा निलेश. लग्न झालं तेव्हा आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत राहायचो. निलेशची फर्स्ट शिफ्ट असायची, दुपारी घरी यायचा. बेल वाजवली तर सासूबाईंची झोप मोडेल म्हणून तो बोटातली लग्नाची अंगठी सेफ्टी डोअरवर वाजवायचा. टक-टक… टक. पुढे फ्लॅट मोठा झाला, शिफ्ट गेली, सवय तेवढी राहिली. त्या आवाजाला मी हातातलं काम टाकून धावायचे. खोटं कशाला बोलू, फार आवडायचा मला तो आवाज.

स्कूबा डायव्हिंगचं खूळ त्याचं. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, मग अंदमानला रीतसर कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड. मला ते त्याच्यापेक्षा बरं जमायचं, पण ते असो. अंदमानला त्याची अंगठी पाण्यात निसटता निसटता वाचली होती. म्हणून गेल्या वर्षी मालदीवला निघताना ती घरीच ठेवली. माझ्या हाताने मी देव्हाऱ्यातल्या करंड्यात ठेवली. एवढं लक्षात असू द्या.

तिथे दोन बेटांच्या मधल्या खिंडीतून समुद्राचं पाणी जोरात आत घुसतं आणि त्या करंटमध्ये शार्क येतात. आपण खडकात हुक अडकवायचा, हुकाची दोरी आपल्या जॅकेटला, आणि पताकेसारखं आडवं फडफडत समोर बघत राहायचं. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. बडीला सोडून वर यायचं नाही, हा पहिला नियम. माझा बडी अर्थातच निलेश.

बोटीवर आमचा गाइड हसन म्हणाला, "आज करंट स्ट्राँग आहे. कोणाला नको असेल तर आत्ताच सांगा."

मी निलेशला म्हटलं, "आज नको रे."

"अगं, मी आहे ना! टेन्शन काय घेतेस?"

उतरलो. हुक लावले. समोर करड्या शार्कांची रांगच, आणि आमची फे फे उडवणाऱ्या त्या पाण्यात ते एकदम निवांत! दोन ठिपकेवाले ईगल रे मासे डोक्यावरून पंख मारत गेले. मी खरंच खूश होते… आणि माझा हुक ज्या मेलेल्या प्रवाळात होता, तो तुकडाच मोडला.

करंटने मला खिंडीच्या कड्यावरून पलीकडे फेकलं आणि मग खाली ओढायला लागला. माझेच बुडबुडे वर जायचे सोडून माझ्याबरोबर खाली येत होते. मी निलेशकडे हात केला. त्याने पाहिलं. मास्कमधून त्याचे डोळे मला स्पष्ट दिसले. त्याने आपला हुक सोडवला — मला वाटलं, आला.

तो वर गेला.

खाली नुसता निळा काळोख. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. पाय मारून मारून दमले, श्वास पुरेना. आणि तेव्हा ऐकू आलं… टक-टक… टक.

पाण्याखाली आवाज कुठल्या दिशेने येतो ते कळत नाही, सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. हा मात्र डावीकडून येत होता. दारात उभं राहून वाजवावं तसा, अगदी जवळून. मी डोकं चालवलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, त्या आवाजाच्या दिशेने सगळा जोर लावून गेले आणि हात खडकाला लागले. कड्याच्या पोटात एक कपार होती. आत करंट नव्हता. वाळूवर एक भलामोठा रे मासा पसरला होता, तो हललाही नाही. मी त्याच्या शेजारी खडक धरून बसले. कपारीतून निघणारे माझे बुडबुडे बघून हसन आला आणि मला वर घेऊन गेला.

बोटीवर निलेश टॉवेल गुंडाळून बसला होता. हातात चहाचा कप, अर्धा संपलेला.

पाण्याखाली हाक मारायची तर पाठीवरचा हवेचा टँक वाजवतात. म्हणून मी हसनला विचारलं, "टँक तू वाजवलास?"

"नाही. मी तर काही ऐकलंही नाही. ती कपार वरून दिसत नाही, तुला सापडली कशी?"

मागून निलेश म्हणाला, "मी वाजवत होतो. हिला सिग्नल देत होतो."

"कशाने?" मी विचारलं.

त्याने नकळत आपल्या रिकाम्या बोटावरून अंगठा फिरवला. "…हाताने." हसन मला लावलेल्या ऑक्सिजनची नळी गुंडाळायला लागला.

घरी आल्यावर मी आधी करंडा उघडला. अंगठी जागेवरच होती, कुंकू लागलेली. निलेशने ती पुसून बोटात घातली. तेव्हापासून सासूबाई हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगतात, "आमच्या निलेशनं शार्कच्या तोंडातून काढली हो हिला!" तो हसतो, नाही म्हणत नाही. मी चहा देत फिरते. त्याचा राग येतोच, पण त्याहून जास्त किळस येते.

मैत्रीण म्हणाली, खोल पाण्यात नायट्रोजनची नशा चढते, भास होतात. असेल. पण भासाला कपार कशी माहीत? आणि ज्याने माझ्यासाठी वाजवलं, त्याला आमच्या दाराची खूण कोणी सांगितली?

संध्याकाळी सेफ्टी डोअरवर टक-टक… टक होतं. हल्ली मी आतूनच विचारते, "कोण?"

"कोण काय? मी!" तो वैतागतो.

मी जाऊन दार उघडते. दरवेळी निलेशच असतो.