लाइफ जॅकेट घेऊन केदारखेड्याला

जालना स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि माझ्या खांद्यावर नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट होतं. पिशवीत मावेना, म्हणून मुंबईहून तसंच मिरवत आणलं होतं. समुद्रापासून इतक्या आत मी आयुष्यात कधी आलो नव्हतो. जन्म हर्णैचा, पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, त्यातली शेवटची काही सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणून. नंतर मुंबईजवळच्या एका संस्थेत नव्या खलाशांना जीवरक्षण शिकवू लागलो. जहाज सोडायची वेळ आली तर उडी कशी मारायची, रबरी तराफ्यात कसं चढायचं, आग कशी विझवायची. हा कोर्स पुरा केल्याशिवाय आता कुणाला जहाजावर नोकरी मिळत नाही.

मी जालन्याला आलो होतो तो माफी मागायला.

आमच्या त्या हिवाळ्यातल्या बॅचमध्ये अंकुश नावाचा पंचविशीतला एक जण होता. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो चार वर्षं तापलेल्या लोखंडाच्या सळ्या चिमट्याने ओढत होता. आगीच्या वर्गात बाकीची मुलं पाण्याचा पाइप धरून मागे सरकत, तेव्हा हा ज्वाळेकडे दोन पावलं पुढे जाई. इतका शांत विद्यार्थी मी पाहिला नव्हता. पण तिसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावरच्या उंच फळीवर तो चढला आणि तसाच खाली उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाण्याला भिणाऱ्यानं जहाजाची स्वप्नं बघू नयेत. जा, भट्टीवरच जा." मुलं हसली. दुसऱ्या दिवशी त्याची खाट रिकामी होती.

त्याचं आगीच्या वर्गाचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर पडून होतं. दोन आठवडे मी रोज त्याच्याकडे बघत होतो. एका जहाजाच्या इंजिनरूममधली जागा त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबलेली होती आणि नवी बॅच सोमवारी सुरू होणार होती. शेवटी चार दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

अर्जावर मिलचा पत्ता होता, म्हणून आधी एमआयडीसी गाठली. रिक्षातून जाताना कामगारांनी भरलेले टेम्पो शेजारून धडधडत होते. मिलच्या फाटकाशी उभं राहिलं तरी भट्टीची धग तोंडावर येत होती. अंकुशच्या पाळीचा मिस्त्री बाहेर आला. गळ्यात पंचा, भुवया जळून विरळ झालेल्या.

"अंकुश? तो तर जहाजावर गेल्ता ना?" तो म्हणाला. "आमच्या मिलमधून जहाजावर जाणारा तो पयलाच. वापस आला का काय? इकडं तर न्हाई फिरकला."

मी काय घडलं ते सांगितलं. मिस्त्री जॅकेटकडे बघत राहिला.

"साहेब, त्याला पाण्याचं इचारू नका. त्याचा मोठा भाऊ हिरीत (विहिरीत) गेला, लहानपणीच. तवापासून त्या घरातलं कुणी हिरीकडं जात न्हाई. हा पाच-सहा वर्षांचा असंल, काठावर हुबा होता."

मला तिथे बसायला स्टूल दिलं होतं, पण बसवेना. सव्वीस जणांचा वर्ग, आणि त्यातल्या एकालाही मी कधी विचारलं नव्हतं की पाण्याशी तुमचा संबंध काय.

मिस्त्रीने त्याचं गाव केदारखेडा सांगितलं. तिकडे जाणाऱ्या भोकरदनच्या एसटीत माझ्यापेक्षा जॅकेटचीच चौकशी जास्त झाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी ते दाबून पाहिलं. "पाठ दुखती का वो तुमची?" मी समजावलं. त्यावर ते मागे वळून गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "समुद्र इकडं येऊन राह्यला म्हणं, तयारीत राहा." राजूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. टेकडीवरच्या गणपतीचं शिखर दिसत होतं, चहाची टपरी जवळच होती, उतारू पांगले. चाक बदलून झालं तरी कुणी येईना. तेव्हा कंडक्टरने जॅकेटला बांधलेली शिट्टी माझ्याकडून मागून घेतली आणि अशी फुंकली की माणसं कप टाकून धावत आली.

पुढे पूर्णेचा पूल लागला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून संपलेली कपाशीची उभी झाडं, मधूनच निसवलेल्या (कणसं बाहेर पडलेल्या) ज्वारीचे हिरवे पट्टे. नजर कुठे अडत नव्हती. आमच्याकडे आभाळ आणि पाणी मिळतं तिथे रेघ दिसते. इथे तशीच रेघ, फक्त खाली माती.

केदारखेड्यात अंकुशचं घर तीन बायकांनी मिळून दाखवलं. अंगणात त्याची आई, गयाबाई, तुरी पाखडत होती. साठीकडे झुकलेली, उंच, सावळी बाई.

"या, बसा. अंकुशचे साहेब का? शेतात गेलाय, येईल आता." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "कोर्स पुरा झाला, पण जागा न्हाई म्हणले ना तुम्ही लोकं?"

हो म्हणालो असतो तर सगळं सोपं झालं असतं. पण खोटं बोलायला इतका लांब आलो नव्हतो. "कोर्स पुरा झाला नाही, बाई. पाण्यात उडी मारायची राहिली."

तिचं सूप थांबलं. "पाण्यात उडी? मला म्हणला, समदं लोखंडाचं काम हाय, मिलसारखंच."

तेवढ्यात अंकुश ज्वारीच्या कणसांची पेंढी घेऊन अंगणात आला आणि मला पाहून दारातच थबकला. मी उठलो. "अंकुश, त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर तुला बोललो, म्हणून माफीही तुझ्या आईसमोर मागतो."

"तुम्ही बराबर बोल्लात सर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझे पायच हालले न्हाईत."

गयाबाईने सूप खाली ठेवलं. उठून चुलीकडे गेली. रागावलेल्या घरातही पाहुण्याला जेवण चुकत नाही, हे मी त्या दुपारी पाहिलं. गरम भाकरी, कांदा आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची). पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी शेतात हुरडा भाजला. आगटीतून (हुरडा भाजायच्या खड्ड्यातून) कणसं काढून अंकुश तळहातावर चोळत होता आणि दाणे मला देत होता, पण विहिरीच्या बाजूला पाठ करून. तिच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. पाणी मोटारीने वर येई. माणूस खाली जात नसे.

गयाबाई जॅकेट मांडीवर घेऊन पट्टे उलटेपालटे करून बघत होती. एकाएकी म्हणाली, "हे घातलं की माणूस बुडतच न्हाई?"

"पट्टे घट्ट बांधले तर बुडत नाही. शुद्ध हरपली तरी तोंड पाण्याच्या वर राहतं. मी अशी माणसं पाण्यातून काढलेली आहेत, बाई. पट्टे न बांधलेलीही काढली आहेत."

तिने जॅकेट माझ्यापुढे धरलं. "मंग आधी मला घालून दाखवा."

"आई, काहीबाही बोलू नको!" अंकुश ओरडलाच.

"का? तुला पाण्यात ढकलायचं तर मला कळाया नको, ते धरतं का न्हाई?"

सकाळी काट्या बाजूला सारल्या. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. वर हलकी वाफ फिरत होती. मी पायऱ्यांनी उतरून आधी पाण्यात शिरलो. गयाबाईने नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, मी शिकवल्याप्रमाणे स्वतः पट्टे बांधले, ओढून पाहिले. जॅकेटला दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक काठावर अंकुशच्या हातात होतं. दोराला त्याने मनगटावरून दोन वेढे दिले होते. भट्टीवरचा माणूस, पकड चुकणार नव्हती.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. मग डोळे मिटून पाण्यात बसावं तशी बसली. क्षणभर पाणी हनुवटीला लागलं, आणि जॅकेटने तिला वर उचललं. ती उताणी तरंगू लागली. तिने डोळे उघडले. वर आभाळाचा गोल तुकडा, त्यात लेकाचं वाकलेलं तोंड.

"धरतंय रे," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "धरतंय."

आणि मग ती रडू लागली. भिंतीच्या दगडांत तो आवाज घुमला. "वीस वरसं झाली, ह्या हिरीत मी वाकून बघितलं न्हाई. माझ्या थोरल्या दिगूला हे असतं तर..."

मी तिच्याजवळ पाण्यात थांबलो.

अंकुशने दोराचं टोक काठावरच्या लोखंडी कड्याला पक्कं बांधलं आणि पायऱ्या उतरू लागला. एकेक पायरी, भिंतीला हात लावून. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. आईचा हात धरून तो तिथेच उभा राहिला. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी जॅकेट घालून तो तरंगला. तिसऱ्या दिवशी पाण्यापासून चौथ्या पायरीवरून त्याने उडी टाकली. गयाबाई काठावर उभी राहून बघत होती, आणि तिच्यामागे निम्मी आळी.

निघताना तिने धपाटे फडक्यात बांधून दिले. "सर, जे काय शिकवायचं ते शिकवा. पण इथून पुढं मला खरं सांगत जा म्हणावं ह्याला."

परतीच्या गाडीत अंकुश समोरच्या बाकावर झोपला होता. मी जागा होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, जहाजावर एक माणूस जातो आणि मी त्या एकाला तयार करतो. घरी मागे राहणाऱ्यांनाही त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून कोर्सच्या पहिल्या दिवशी मी मुलांना तलावाच्या कडेला बसवतो आणि पाण्याबद्दल बोलायला लावतो. काही जण हसतात. काही जण गावच्या विहिरीचं, नदीचं काही सांगतात.

नव्या बॅचच्या तिसऱ्या दिवशी अंकुश उंच फळीवर चढला. एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबलं, नजर समोर ठेवली आणि पाऊल टाकलं. वर आला तेव्हा खोकत होता. मी टाळी वाजवणार होतो, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्याच्यानंतरचा सातपुड्याकडचा एक मुलगा फळीच्या टोकाशी येऊन अडकला होता. अंकुश कडेला गेलाच नाही. फळीखालची जागा सोडून तो थोडा बाजूला सरकला आणि तिथेच पाण्यात हात हलवत, वर बघत म्हणाला, "घाई करू नको. मी इथंच थांबून राह्यलो."